हायड्रॉलिक मशीनवर घरच्या घरी लाकडं कशी फोडायची, बाभळी-चिंचेच्या ओंडक्यांसकट

गॅस घरोघरी आला तरी आपल्या खान्देशातली चूल काही गेली नाही. अंघोळीच्या पाण्याचा बंब, खापरावरचे मांडे, कळण्याची भाकरी, लग्नात वरण-बट्टीच्या पंगती, सगळ्याला लाकूडच लागतं. भरताचं सोडा, त्याची वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची आणि पऱ्हाट्या हातानं मोडतात. पण बांधावरची बाभूळ वादळात पडली किंवा खळ्यातला जुना निंब काढला की त्याचे ओंडके वर्ष-वर्ष अंगणात लोळत पडतात, कारण फोडणार कोण, कुऱ्हाड चालवणारा माणूस आता मिळत नाही आणि मिळाला तरी बाभळीचा सुकलेला बुंधा बघून तोच म्हणतो, भो हे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही. म्हणून आता बरेच जण लाकडं फाडायचं हायड्रॉलिक मशीन घेऊन राहिले, कोणी तयार मागवतं, कोणी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतं, कोणी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर जोडतं. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर.

सगळ्यात आधी एक नियम, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल. जो लाकूड ठेवतो, लिव्हर त्याच्याच हातात. आपल्याकडे कामाला माणसं जास्त आणि हौस त्याहून जास्त, त्यामुळे होतं काय की एक जण ओंडका धरतो, दुसरा लिव्हर ओढतो आणि तिसरा बाजूला उभा राहून सूचना देतो. ह्याच पद्धतीत बोटं जातात. धरणाऱ्याला वाटतं अजून सरळ करायचंय, ओढणाऱ्याला वाटतं झालं सरळ. मशीन हळू चालतं म्हणून माणूस बेफिकीर राहतो, पण ते हळू असलं तरी थांबत नाही ना, मध्ये हाड आहे का लाकूड हे त्याला कळत नाही. तेव्हा मशीनजवळ एकच माणूस, बाकीचे ओंडके आणून द्यायला आणि फोडलेलं उचलायला, ते पण तीन-चार पावलं लांब. पोरं अंगणातच नकोत. बऱ्याच तयार मशीनला दोन लिव्हर असतात, दोन्ही हात गुंतल्याशिवाय ते चालत नाही, तो कंपनीचा मूर्खपणा नसून तुमच्या बोटांची सोय आहे, तर त्यातला एक लिव्हर दोरीनं बांधून टाकायचा जुगाड कृपा करून करू नका.

दुसरं, नाव सारखं असल्यामुळे घोटाळा होतो तो सांगतो. मोटरच्या शाफ्टला आटे पाडलेला लोखंडी शंकू बसवतात, तो फिरत फिरत लाकडात घुसतो आणि लाकूड फाकवतो, व्हिडिओत लय भारी दिसतं आणि स्वस्त पण पडतं. ते हायड्रॉलिक नाही. त्यात पदर, बागायती रुमाल, हातमोजा, काहीही गुंडाळलं जाऊ शकतं आणि ओंडका स्वतःच गरकन फिरून पायावर बसतो. मी तरी ते घरात आणणार नाही.

आता मशीन. रचना साधी आहे, मोटर किंवा इंजिन, त्याला पंप, पंपातून ऑइल व्हॉल्व्हमार्गे सिलिंडरमध्ये, सिलिंडरचा दांडा पुढे सरकतो आणि लाकडाला पाचरीवर दाबतो. विकणारा 'इतक्या टनाचं' म्हणून सांगतो तेव्हा तो आकडा स्वतः काढून बघा, अवघड नाही. सिलिंडरच्या आतल्या व्यासावरून क्षेत्रफळ काढायचं आणि प्रेशरनं गुणायचं. १०० एमएम बोअर म्हणजे साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर, प्रेशर चौरस सेंटिमीटरला १८० किलो धरलं तर १४,१३० किलो, म्हणजे १४ टन. ६३ एमएम बोअर असेल तर त्याच प्रेशरला साडेपाच टन. समोरचा माणूस ६३ च्या सिलिंडरवर १५ टन सांगत असेल तर चहा पिऊन उठून या.

पण टन मोठे म्हणून मशीन चांगलं असं पण नाही. जोर आणि वेग दोन्ही एकदम पाहिजे असले की मोटर मोठी लागते. घरच्या सिंगल फेजवर २ एचपीची मोटर धरा, ती १८० च्या प्रेशरला मिनिटाला फार तर साडेचार लिटर ऑइल ढकलेल. १०० चा सिलिंडर आणि ५०० एमएमचा स्ट्रोक, म्हणजे दांड्याची धाव, असेल तर एका फेरीला जवळपास चार लिटर ऑइल लागतं, म्हणजे दांडा पुढे जायलाच पाऊण ते एक मिनिट, तोवर माणूस कंटाळून बिडी पेटवतो. त्याच मोटरवर ६३ चा सिलिंडर आणि साडेचारशेचा स्ट्रोक लावला तर वीसेक सेकंदात काम होतं, जोर मात्र साडेपाच टन. ह्यावर तोड म्हणजे टू-स्टेज पंप. लाकडाला टेकेपर्यंत तो भरपूर ऑइल कमी प्रेशरनं देतो, दांडा सटकन पुढे येतो, आणि जोर लागायला लागला की आपोआप थोडं ऑइल जास्त प्रेशरनं. बनवून घेत असाल तर पैसे तिथे घाला. चार धारांच्या पाचरीवर घालू नका, एका दाबात चार तुकडे होतात खरं, पण दहा टनाच्या आतल्या मशीनला ती झेपत नाही आणि गाठीच्या बाभळीत तर अजिबात नाही.

बनवून घेताना अजून एक बघा, बीम, म्हणजे सिलिंडर आणि पाचर ज्याच्यावर बसवतात तो लोखंडी गर्डर. १४ टनाचा जोर बीमच्या वरच्या अंगाला लागतो, त्यामुळे बीम नुसता दाबला जात नाही, वाकतो. १५० चा आय बीम ह्याला अपुरा पडतो, २०० चा घ्यायला लावा आणि पाचरीच्या मागे दोन्ही बाजूंनी टेकू वेल्ड करून घ्या. फॅब्रिकेशनवाला म्हणेल 'भाऊ काही होत नाही', त्याच्या अंगणात नाही ना ठेवायचं ते. आणि व्हॉल्व्हवर जो रिलीफचा स्क्रू असतो, प्रेशर ठरवणारा, तो गेज लावून एकदा सेट करायचा आणि मग विसरून जायचं. लाकूड फुटत नाही म्हणून तो स्क्रू पिळत बसणारे मिस्त्री आहेत. त्यानं होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, फुटते किंवा सिलिंडरचं सील जातं, लाकूड तसंच्या तसं.

लाइटचं बोलू, कारण निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतातच. गावात दुपारी व्होल्टेज १८० वर येतं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पडतो, म्हणजे २३० च्या जागी १८० असलं तर जोर ४० टक्क्यांच्या आसपास कमी. मोटर हुंकार देते, तापते, ट्रिप होते, आणि आपण म्हणतो मशीन भंगार दिलं. त्यात वर टीव्हीचं पातळ एक्स्टेन्शन पन्नास फूट ओढलेलं. वायर निदान २.५ एमएमची तांब्याची, लांबी कमीत कमी, प्लग १६ अँपिअरचा आणि अर्थिंग खरंखुरं. थ्री फेजवर शेतात चालवत असाल तर डीपीवर काही काम झालं की पहिल्यांदा मोटर कुठल्या दिशेला फिरते ते बघा. फेज उलटे झाले की पंप उलटा फिरतो, प्रेशर येत नाही आणि तसाच चालू ठेवला तर पंपच खराब होतो. पंपावर बाण असतो, तो बघायला अर्धा मिनिट लागतो.

ऑइल हायड्रॉलिकचंच. आपल्याकडे ४६ नंबर बहुतेक वेळा चालतं, पण जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा ४५ ला टेकलेला, तेव्हा ते पातळ होऊन जोर कमी पडतो, उन्हाळ्यातच जास्त काम असेल तर ६८ नंबर बरं, फक्त मशीनच्या पुस्तकात काय लिहिलंय ते आधी बघा. ब्रेक ऑइल टाकायचं नाही, रबरी सीलं फुगून जातात. गाडीचं काढलेलं काळं ऑइल तर बिलकूल नाही, त्यातला कचरा पंप खातो. लेव्हल बघायची ती दांडा पूर्ण आत असताना, बाहेर असताना बघितली तर कमी दिसते, माणूस वरून भरतो आणि दांडा आत आला की टाकीतून उतू जातं. ऑइल दुधासारखं दिसायला लागलं म्हणजे पाणी गेलं, फेस येत असेल तर पंपाच्या ओढायच्या बाजूनं हवा शिरतेय, तिथली क्लिप आवळा. टाकीला हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर थांबा, सावलीत जा. मे महिन्यात हे काम सकाळी सात ते दहा, नाहीतर सोडून द्या.

छोट्या तयार इलेक्ट्रिक मशीनला एक ब्लीड स्क्रू असतो. काम सुरू करायच्या आधी तो दोन-तीन आटे सैल करायचा म्हणजे आतली हवा ये-जा करते, आणि मशीन उचलून ठेवायचं किंवा आडवं करून न्यायचं तेव्हा परत बंद. तो बंद ठेवूनच चालवलं तर आत कोंडलेली हवा दाबली जाऊन सील उडतं. गॅरंटीत पण धरत नाहीत.

आता लाकूड. एक लक्षात घ्या, मशीन आलं म्हणून दारातलं कुठलंही झाड आडवं करता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्याबाबतचा कायदा आहे आणि साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन अशी झाडं त्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या मालकीची असली तरी परवानगी लागते. तेव्हा आधी कागद, मग कुऱ्हाड.

फोडायचं ते ओलं असतानाच फोडा. हे लोकांना उलटं वाटतं, म्हणतात आधी वाळू दे मग फोडू. बाभूळ ताजी असताना सरळ फाकते, दोन उन्हाळे खाल्लेली बाभूळ म्हणजे लोखंड. सुबाभूळ आणि निलगिरी ओली असताना तर नुसता धक्का दिला की दोन फाका, वाळल्यावर निलगिरीच्या रेषा पिळतात आणि मग ती चिंध्यांसारखी फाटते. आंबा मऊ, त्याची कटकट नाही. निंबाच्या रेषा एकमेकीत अडकलेल्या असतात, तो फुटत नाही, सोलतो, शेवटपर्यंत धागे धरून ठेवतो. सगळ्यात चिवट चिंच, तिचा बुंधा तर पिळाचा, त्याच्यापुढे साडेपाच टनाचं मशीन निव्वळ दमतं. आणि सातपुड्याकडच्यांना अंजनाबद्दल मी काय सांगावं, जे लाकूड वाळलेलं असून पाण्यात बुडतं ते छोट्या मशीनवर घालायच्या आधी त्याचे तुकडे अजून आखूड करा.

लांबी चुलीच्या मापाची. चुलीला १४-१५ इंच, बंबाला ६-८ इंच. तुकडे आरीनं किंवा चेनसॉनं काटकोनात कापा, तिरकं कापलं तर दाबाखाली ओंडका सटकतो आणि उडून नडगीवर येतो. कापायच्या आधी आणि फोडायच्या आधी खिळे-तार बघा. बांधावरच्या बाभळीला कधीकाळी कोणीतरी कुंपणाची तार गुंडाळलेली असते, झाड ती तार पोटात घेऊन वाढतं, बाहेरून फक्त काळसर वळ दिसतो. आणि ढिगातला ओंडका हातानं उचलायच्या आधी काठीनं उलटवा, सालीखाली विंचू ठरलेला.

मशीन सपाट टणक जागेवर, चाकांना दगड, आणि पेट्रोलचं इंजिन असेल तर उघड्यावरच, पडवीत नाही. पायात बूट, डोळ्याला चष्मा, हातमोजे घट्ट बसणारे, ढगळ नकोत. रुमाल काढून ठेवा, बाईमाणूस चालवत असेल तर पदर खोचलेला. मग मशीन रिकामं दोन-तीन वेळा पुढे-मागे करा म्हणजे हवा निघते आणि दांडा गचके न देता सरकतो.

ओंडका बीमवर असा ठेवायचा की त्याच्या रेषा बीमच्या दिशेनं, आडवा कधीच नाही. टोकाकडे बघा, वाळताना पडलेले तडे दिसतील, पाचर त्या तड्याच्या रेषेत आली पाहिजे, अर्धं काम तिथेच होतं. हात ओंडक्याच्या अंगाला, टोकाला नाही. दांडा हळू आणून ओंडका नुसता पकडीत घ्या, थांबा, सरळ बसलाय का बघा, हात काढा, मग दाब. ओल्या बाभळीत पाचर घुसताना आधी साल चिरते, डिंकासारखं पाणी कडेनं येतं, मग कर्र असा लांब आवाज आणि एकदम ठप्प करून दोन फाका. हा आवाज दोन-चार ओंडक्यांत ओळखीचा होतो. तो न येता मोटरचा आवाज जड झाला आणि दांडा जागेवर थांबला, म्हणजे लाकूड ऐकत नाहीये. पाच सेकंदांच्या वर दाबून धरू नका. तेवढ्यात फुटलं नाही तर नुसतं ऑइल तापतं, लाकूड तसंच राहतं. मागे घ्या, ओंडका पाव फेरी फिरवा, परत लावा. तरी नाही तर उलटं टोक.

जाड बुंधा मधोमध फोडायचा हट्ट नको. कडेनं सोलत यायचं, चार-पाच इंचाच्या फाका काढत, शेवटी मधला गाभा राहतो तो आपोआप फोडण्याजोगा होतो. गाठ असेल तर पाचर गाठीवर नाही, गाठीच्या बाजूनं, आणि सुरुवात गाठ नसलेल्या टोकाकडून. जिथे दोन फांद्या फुटल्या असतील ती दुबेळक्याची जागा मी तर फोडतच नाही, बाजूला ठेवतो, होळीला गल्लीतली पोरं आनंदानं नेतात.

लाकूड पाचरीत अडकून बसलं तर हात घालून ओढू नका आणि घणानं मशीनवर तर अजिबात ठोकू नका. दांडा मागे घ्या, मशीन बंद करा, लाकडाचीच एक पाचर ओंडक्याखाली सारा आणि परत चालवा, ती ओंडक्याला वर उचलून सोडवते. निंबाचे धागे धरून राहिले तर मशीन बंद करून कुऱ्हाडीनं तोडा.

ऑइल गळताना दिसलं तर बोट फिरवून बघायचं नाही. होजला सुईएवढं भोक असलं तरी त्यातून येणारी धार कातडीतून आत जाते. बाहेरून काटा टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखत पण नाही, आणि काही तासांत बोट सुजून काळं पडतं, वेळ गेली तर कापावं लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सापडली की मशीन बंद करून, लिव्हर पुढे-मागे करून प्रेशर सोडून मगच पान्हा लावा. आणि असं कोणाला झालंच तर हळद लावत बसू नका, सरळ जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जनकडे, आणि प्रेशरचं ऑइल आत गेलंय हे शब्द त्यांना सांगा, नाहीतर साधी जखम समजून पट्टी करून पाठवतील.

परवडतं का, हा प्रश्न आमच्या आबांनी पहिल्याच दिवशी विचारला होता, "हाई मशीन लाकडं फोडस का नुसता आवाज करस?" खरं सांगायचं तर एका चुलीसाठी आणि आठवड्याच्या बंबासाठी हे घेऊ नका, बारीक फांद्या आणि तुराट्यांवर तेवढं निघतं. मोठं खटलं असेल, ढाबा असेल, केटरिंग असेल, किंवा भाऊबंदांत चार घरं मिळून घेणार असाल तर जमतं. चार घरांत घ्यायचं तर ऑइल कोण बदलणार हे आधी ठरवा, पैसे कोणी किती दिले ह्यावरून नाही, ह्याच्यावरून भांडणं होतात. नवं मशीन असेल तर पहिल्या पन्नासेक तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलून टाका, सुरुवातीला लोखंडाचा बारीक चुरा सुटतो.

फोडलेलं लगेच जळत नाही, हे पण सांगून ठेवतो. ओल्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं, ते २० टक्क्यांच्या आत आलं की धूर कमी आणि जाळ चांगला. माघ-फाल्गुनात फोडलं तर आपला उन्हाळा ते मृगाच्या आत वाळवून देतो, बाभळीच्या जाड फाकांना मात्र अजून एक हिवाळा द्या. खाली विटा नाहीतर दगड, जमिनीला लाकूड टेकलं की वाळवी लागलीच. रचताना हवा खेळू द्या, साल वरच्या बाजूला, घराच्या भिंतीपासून हातभर लांब, पावसात फक्त वरून पत्रा, चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली तर आत बुरशी धरते. वाळलं का कसं ओळखायचं, तर एक फाक बाजूला काढून खडूनं खूण करून तिचं वजन लिहून ठेवा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी परत करा, वजन उतरायचं थांबलं की झालं. दोन फाका एकमेकींवर आपटल्या तर ओल्यांचा थप्प असा आवाज येतो, वाळलेल्यांचा टणटण.

पावसाळ्याआधी मशीनचा दांडा पूर्ण आत घेऊन ठेवा, बाहेर राहिला तर त्याच्यावरच्या क्रोमला गंजाचे ठिपके येतात आणि पुढच्या वर्षी तेच ठिपके सील खरवडतात. पाचरीला आणि बीमला ग्रीसचा हात, होजवर ऊन पडणार नाही अशी जागा, आणि मोटरमध्ये उंदीर जाणार नाहीत एवढं झाकण. दिवाळीनंतर काढाल तेव्हा होज दुमडून बघा, चिरा दिसल्या तर नवी टाकूनच सुरू करा.